शरणपूरची आफ्रिकी शाळा

नाशिक शहराच्या इतिहासाचा विषय निघाला की पंचवटी, काळाराम मंदिर, १९०९ सालचा जॅक्सनवध, २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह आणि कुसुमाग्रजांचे वास्तव्य या गोष्टी ओघानेच पुढे येतात. त्या यावयासच हव्यात. परंतु या यादीत एका शाळेचे नाव सहसा येत नाही, आणि ज्या रस्त्यावरून निम्मे नाशिक रोज ये-जा करते त्या शरणपूर रोडच्या नावातच त्या शाळेची खूण शिल्लक आहे याची जाणीव फार थोड्यांना असते. शरण आलेल्यांचे पूर ते शरणपूर. हे शरण आलेले लोक कोण होते, ते कोठून आले आणि कोठे गेले, हा प्रश्न या शहराने स्वतःला क्वचितच विचारला आहे.

चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री विल्यम साल्टर प्राइस यांनी नाशिकच्या वेशीबाहेर १८५४ च्या सुमारास ही वसाहत वसविली. धर्मांतरामुळे घरादाराला मुकलेले एतद्देशीय ख्रिस्ती आणि अनाथ मुले यांना आसरा व रोजगार द्यावा, हा तिचा हेतू. पुढे १८६० च्या सुमारास तेथे आणखी एक वर्ग येऊन दाखल झाला. ही होती गुलामगिरीतून सोडविलेली आफ्रिकी मुले. त्यांच्यासाठी शरणपुरात जे ‘आफ्रिकन असायलम’ चालविले गेले, ते आश्रयस्थान होते, शाळा होती आणि कारखानाही होता. गोदावरीच्या काठी कृष्णवर्णीयांसाठी चालविलेल्या या विद्यालयाचे आयुष्य पंधरा-वीस वर्षांपलीकडे गेले नाही. पण त्याच्या विद्यार्थ्यांनी पूर्व आफ्रिकेच्या इतिहासावर जी मुद्रा उमटविली ती पाहता त्याची उपेक्षा होणे न्याय्य नाही.

गुलामांच्या गलबतांतून गोदातीरी

ब्रिटिश पार्लमेंटने १८०७ साली गुलामांचा व्यापार आणि १८३३ साली आपल्या बहुतेक वसाहतींतील गुलामगिरी कायद्याने बंद केली. हिंदुस्थानातील कंपनी सरकारच्या मुलखात १८४३ च्या कायद्याने गुलामीचे कायदेशीर अस्तित्व संपुष्टात आले. तथापि हिंदी महासागरातील व्यापार त्याने थांबला नाही. झांझिबारच्या बाजारात आफ्रिकेच्या अंतर्भागातून पकडून आणलेल्या माणसांची उघड विक्री चाले आणि तेथून अरबस्तान व इराणच्या आखाताकडे गलबते भरून जात. ब्रिटिश आरमाराच्या गस्तीच्या जहाजांनी अशी गलबते पकडली की सुटका झालेल्या माणसांचे करावयाचे काय, हा प्रश्न उभा राही. त्यांना मूळ गावी धाडणे म्हणजे पुन्हा त्याच व्यापाऱ्यांच्या हाती देणे. म्हणून त्यांना एडन, मुंबई किंवा सेशेल्स येथे उतरविले जाई. मुंबईला आलेल्या मुलांपैकी काही घरोघर कामाला लागली, तर काही मिशनांच्या स्वाधीन करण्यात आली. त्यांतली बरीचशी पुढे शरणपूरला आली.

ही मुले मुख्यतः पूर्व आफ्रिकेतील. न्यासा सरोवराच्या आसपासच्या याओ जमातीतील कित्येक त्यांत होती. आईबापांपासून तुटलेली, पायी शेकडो मैल हाकलली गेलेली, एकदा विकली गेलेली आणि मग समुद्रावर ‘मुक्त’ झालेली ही लेकरे. शरणपुरात त्यांना लेखन-वाचन, बायबल आणि इंग्रजी शिकविले जाई. त्याच्या जोडीला सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हातचे धंदे. नावेही नवी मिळाली. आइझेनबर्ग, प्राइस, रटन, वेनराइट ही ख्रिस्ती मंडळातील माणसांची नावे त्यांच्या अंगावर चढविली गेली. आईने ठेवलेले नाव इतिहासाच्या कागदावर बहुधा उरलेच नाही. ज्यांना आपण मुक्त झालेले म्हणतो, त्यांच्या मुक्तीची किंमत ही अशी होती, हे प्रारंभीच नोंदविले पाहिजे.

‘नासिक बॉइज’

या मुलांचे नाव जगात झाले ते डेव्हिड लिव्हिंग्स्टन या संशोधकामुळे, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. वस्तुस्थिती काहीशी उलट आहे. लिव्हिंग्स्टनचे मरणोत्तर नाव ज्यांनी राखले, त्यांत शरणपूरचे विद्यार्थी आघाडीवर होते.

नाईल नदीच्या उगमाचा शोध घेण्याच्या अखेरच्या मोहिमेची तयारी लिव्हिंग्स्टनने मुंबई इलाख्यात केली. १८६५ साली तो नाशिकला आला आणि त्याने शरणपूरचे नऊ तरुण बरोबर घेतले. जानेवारी १८६६ मध्ये ही मंडळी मुंबईहून झांझिबारकडे निघाली. प्रवासवृत्तांतात त्यांचा उल्लेख ‘नासिक बॉइज’ असाच येतो. हा उल्लेख नेहमी गौरवाचा नाही. ही मुले ओझी उचलण्यास नाखूश असतात, कामचुकार आहेत, अशा कडवट तक्रारी लिव्हिंग्स्टनने केल्या आहेत आणि त्यांतले काही मध्येच सोडूनही गेले. चार अक्षरे आणि एखादा धंदा शिकलेल्या तरुणाला हमालासारखे वागविले की त्याने कुरकुर करावी, यात नवल ते काय? तक्रार लिहिणाऱ्याची बाजू छापली गेली. ओझे वाहणाऱ्याची बाजू छापली गेली नाही, एवढेच. एडवर्ड गार्डनर मात्र या सर्व हालअपेष्टांत अखेरपर्यंत त्याच्यासोबत राहिला.

१८७२ साली आणखी सहा नाशिककर विद्यार्थी लिव्हिंग्स्टनच्या मदतीस जाऊन मिळाले. त्यांत जेकब वेनराइट, कारस फरार आणि मॅथ्यू वेलिंग्टन हे होते. मे १८७३ च्या आरंभी, आजच्या झांबियातील चितांबो या खेड्यात लिव्हिंग्स्टन मरण पावला. त्या निबिड प्रदेशात एकही गोरा मनुष्य जवळ नव्हता. प्रेत तेथेच पुरून आपापल्या वाटेने जाण्यास त्या साठएक माणसांना कोणीही अडवू शकले नसते. त्यांनी तसे केले नाही. हृदय व आतडी काढून एका झाडाखाली पुरली. जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर मृताचे नाव व तारीख कोरली. मृताच्या चीजवस्तूंची यादी त्यानेच केली, कारण ती लिहिण्याइतके शिक्षण त्याच्याजवळ होते. मग मीठ लावून उन्हात वाळविलेला तो देह खांद्यावर घेऊन ही माणसे सुमारे दीड हजार किलोमीटर चालली. वाटेत उन्यान्येंबे येथे भेटलेल्या कॅमेरॉन या इंग्रज अधिकाऱ्याने देह तेथेच पुरण्याचा सल्ला दिला. तो त्यांनी मानला नाही. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोहोचले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत स्टॅन्लीसारख्यांच्या बरोबरीने जेकब वेनराइट होता. त्याने लिहिलेली रोजनिशी त्याच वर्षी जर्मन भाषांतरात प्रसिद्ध झाली.

या कथेतील सुसी आणि चुमा ही दोन नावे अधिक प्रसिद्ध आहेत. ते दोघे शरणपूरचे नव्हते. चुमा मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकला होता आणि सुसीने मुंबईच्या गोदीत काम केले होते. म्हणजे त्यांचाही संबंध आपल्या भूमीशी होताच. या साऱ्या माणसांनी जो निर्णय घेतला तो त्यांचा स्वतःचा होता, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. आज्ञा देणारा मेला होता. आज्ञेवाचून जे कर्तव्य केले जाते त्यालाच शील म्हणतात.

परत गेलेली पिढी

लिव्हिंग्स्टनची गोष्ट नाट्यमय आहे म्हणून ती सांगितली जाते. पण शरणपूरचे खरे कार्य तिच्यापेक्षा शांत आणि दीर्घ आहे. १८६४ साली जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर हे तरुण मोंबासाजवळच्या राबाई येथे गेले. पूर्वी मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर बार्टल फ्रिअर यांच्या शिष्टाईनंतर जून १८७३ मध्ये झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याचा करार केला. सुटका झालेल्यांसाठी आता आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच वसाहत हवी, असा विचार पुढे आला आणि १८७५ साली मोंबासासमोर ‘फ्रिअर टाउन’ उभे राहिले. ते उभारण्यास गेले तेच पाद्री प्राइस, आणि त्यांच्या हाताशी होते ते शरणपुरात तयार झालेले आफ्रिकी सुतार, लोहार, शिक्षक आणि दुभाषे. त्या किनाऱ्यावर त्यांना नाव पडले ‘बॉम्बे आफ्रिकन्स’. नाशिकचे असायलम याच सुमारास रिकामे झाले.

राबाईला मळ्यांतून पळून आलेल्या गुलामांना या माणसांनी थारा दिला. मालक संतापले, दंगलीच्या धमक्या आल्या, मिशनचे गोरे अधिकारी अडचणीत आले. पण जे स्वतः एकदा विकले गेले होते त्यांना दारातून पळपुट्याला परत धाडणे शक्य नव्हते. १८८५ साली जोन्स आणि सेम्लर यांना बिशप हॅनिंग्टन यांनी धर्मोपदेशकाची दीक्षा दिली. त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर हॅनिंग्टन यांची हत्या झाली, तेव्हा त्यांच्या काफिल्यातील उरलेल्या माणसांना किनाऱ्याकडे परत आणले ते जोन्स यांनीच. मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ पर्यंत मोंबासात हयात होता. गुलामांच्या गलबतांची वर्दी देणारी फ्रिअर टाउनची घंटा तेथे स्मारक म्हणून जपलेली असून तो भाग तिच्याच नावाने, म्हणजे केंगेलेनी म्हणून, ओळखला जातो.

शाळा कोणाच्या मालकीची?

आता प्रश्न असा की, अशा संस्थेचे मूल्यमापन कोणत्या कसोटीवर करावयाचे? यासाठी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांचा दाखला उपयोगी पडेल. ज्या १८५४ साली शरणपूरची वसाहत आकाराला येत होती, त्याच वर्षी पेन्सिल्व्हेनियात ॲशमन इन्स्टिट्यूट या नावाने एक विद्यालय स्थापन झाले. तेच पुढचे लिंकन विद्यापीठ. यादवी युद्धानंतर १८६६ साली फिस्क, १८६७ साली हॉवर्ड, १८६८ साली हॅम्प्टन आणि १८८१ साली टस्कीगी अशा संस्था उभ्या राहिल्या. यांपैकी बहुतेकींचा आरंभ शरणपूरसारखाच आहे. तेथेही गोरे पाद्री, परोपकारी देणगीदार, बायबल आणि सुतारकाम हेच होते. हातचा धंदा शिकवून पोटापुरते उभे करावे की उच्च विद्या देऊन नेतृत्व घडवावे, यावर टस्कीगीचे बुकर टी. वॉशिंग्टन आणि फिस्कचे पदवीधर डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्यात झालेला वाद प्रसिद्धच आहे.

परंतु अमेरिकेतील संस्था टिकल्या आणि शरणपूर मिटले, याचे कारण काय? एक कारण उघड आहे: ज्यांच्यासाठी शाळा काढली ते विद्यार्थी परत गेले. दुसरे कारण अधिक खोल आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीय समाजाने या संस्था कालांतराने आपल्या हाती घेतल्या. हॉवर्डला मॉर्डेकाय जॉन्सन हे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष मिळाले ते १९२६ साली, स्थापनेनंतर ५९ वर्षांनी. लिंकनला त्याकरिता १९४५ पर्यंत, म्हणजे ९१ वर्षे, थांबावे लागले. आणि तेव्हा आलेले होरेस मान बाँड हे त्याच संस्थेचे माजी विद्यार्थी होते. आश्रित म्हणून आलेला विद्यार्थी जेव्हा संस्थेचा चालक होतो, तेव्हाच आश्रयस्थानाचे विद्यापीठ होते. हॉवर्डच्या विधिशाळेत घडलेल्या थर्गुड मार्शल यांनी सुप्रीम कोर्टात लढविलेल्या दाव्यातून १९५४ साली शाळांमधील वर्णभेद अवैध ठरला. लिंकनमध्ये शिकलेले आझिकिवे आणि एन्क्रुमा पुढे नायजेरिया व घाना या स्वतंत्र देशांचे अध्यक्ष झाले. शरणपूरच्या विद्यार्थ्यांना एवढा अवधी कधी मिळालाच नाही. ते फ्रिअर टाउनमध्येही दुय्यमच राहिले. अधिकाराची खुर्ची गोऱ्यांकडेच राहिली.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. झांझिबारचा बाजार बंद झाला त्याच १८७३ साली महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. पुण्यात बसून फुल्यांना सातासमुद्रापलीकडील गुलामाशी शूद्रातिशूद्रांचे नाते दिसले. डॉ. आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादला पुढे मिलिंद म्हणून गाजलेले महाविद्यालय उभे केले. दलितांसाठी कोणी शाळा काढावी याची वाट न पाहता दलितांच्या नेतृत्वाखालील संस्था त्यांनी उभारली आणि तिचे दार सर्वांना खुले ठेवले. त्यातून जी लेखकांची, प्राध्यापकांची आणि कार्यकर्त्यांची पिढी निघाली तिने मराठी साहित्याचे रूपच पालटले. नाशिकमध्येही १९१४ साली उदोजी मराठा बोर्डिंगच्या रूपाने बहुजन समाजाने शिक्षणाची सूत्रे स्वतःच्या हाती घेतली होती. वसतिगृहातील विद्यार्थी उद्याचा विश्वस्त झाला पाहिजे, हेच या सर्व प्रयत्नांचे सूत्र होते.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, शरणपूरची शाळा धर्मप्रसाराचे साधन होती, साम्राज्याच्या सोयीची होती. तिचे कौतुक कशाला? आक्षेपातील वस्तुस्थिती मान्य केली पाहिजे. त्या मुलांना धर्म, नाव किंवा देश यांपैकी कशाचीही निवड करता आली नाही. परंतु स्मरण संस्थापकांचे करावयाचे नसून विद्यार्थ्यांचे करावयाचे आहे. ज्यांनी शाळा काढली त्यांना आज्ञाधारक सेवक हवे होते. निघाले ते पळपुट्या गुलामाला थारा देणारे जोन्स आणि इंग्रज अधिकाऱ्याचा सल्ला नाकारणारे प्रेतवाहक. शिक्षण देणाऱ्याच्या हेतूपलीकडे ते घेणाऱ्याची बुद्धी जाते, हा शिक्षणाचा गुण इंग्रजी राज्यात आपणही अनुभवला आहे.

दुसरा आक्षेप, ही माणसे परकी होती. आली तशी गेली. पण आफ्रिकेचे रक्त महाराष्ट्राला परके कधी होते? गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. पुढे औरंगाबाद म्हणून नावारूपास आलेले खडकी शहर त्याने वसविले. जंजिऱ्याच्या सिद्दीशी मराठ्यांनी पिढ्यान्पिढ्या झुंज दिली. ज्याच्याशी आपण लढलो तो आपल्या इतिहासात येतो, आणि जो आपल्याकडे शिकून गेला तो मात्र येत नाही, हा कोणता न्याय?

आजचे उत्तरदायित्व

प्रश्न केवळ स्मारकाचा असता तर एवढा विस्तार करण्याचे प्रयोजन नव्हते. आजही नाशिक हे राज्याच्या आदिवासी विकास आयुक्तालयाचे ठाणे आहे. पेठ, सुरगाणा, कळवण या तालुक्यांतील आश्रमशाळांत घरापासून, बोलीपासून आणि रानापासून दूर आणलेली मुले शिकत आहेत. त्यांना निवारा, अन्न आणि पुस्तक देणे हे शासनाचे कर्तव्यच होय. पण शरणपूरचा अनुभव सांगतो की निवाऱ्याने शिक्षणाचा आरंभ होतो, सांगता होत नाही. या शाळांतून किती मुले उत्तीर्ण झाली एवढेच मोजून भागणार नाही. त्यांतली किती त्याच शाळांचे मुख्याध्यापक, प्रकल्प अधिकारी आणि धोरण ठरविणारे झाले, हे मोजावयास हवे. कोकणा किंवा भिली बोलणाऱ्या मुलाने शाळेत पाऊल टाकताच आपली बोली उंबऱ्याबाहेर ठेवावी, अशी अपेक्षा आपण करीत असू, तर याओ मुलाचे नाव पुसणाऱ्यांपेक्षा आपण फारसे निराळे नाही.

आफ्रिकेतून आजही विद्यार्थी महाराष्ट्रात येतात. पुण्यात तर कित्येक वर्षे येत आहेत. त्यांना घर भाड्याने देताना आपल्या कपाळाला आठ्या पडतात, रस्त्यात त्यांच्याकडे पाहून शेरे मारले जातात. २०१६ साली दिल्लीत एका काँगोवासी तरुणाचा बळी गेला आणि २०१७ साली ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले. असे प्रकार दूरच्या शहरांत घडले, म्हणून आपण निर्दोष ठरत नाही. ज्या शहराने दीडशे वर्षांपूर्वी आफ्रिकी विद्यार्थी पाहिले, त्याने या बाबतीत इतरांना धडा घालून द्यावयास हवा.

करण्यासारख्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. महापालिकेने शरणपूर रोडवर एक फलक उभारून त्यावर पाद्र्यांच्या आधी जेकब वेनराइट, विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर, जॉर्ज डेव्हिड, एडवर्ड गार्डनर, कारस फरार, मॅथ्यू वेलिंग्टन या विद्यार्थ्यांची नावे कोरावीत. जिल्ह्यातील शाळांत स्थानिक इतिहास शिकविताना हा पाठ असावा. १८८३ च्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरपासून आजवरच्या संशोधनापर्यंतची साधने एकत्र करण्याचे आणि जेकबची रोजनिशी मराठी वाचकांच्या हाती देण्याचे काम यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने अंगावर घ्यावे. शाळेपासून वंचित राहिलेल्यांसाठीच स्थापन झालेल्या आणि नाशिकलाच मुख्यालय असलेल्या विद्यापीठाला यापेक्षा उचित काम कोणते? मोंबासातील संस्थांशी त्याने संबंध जोडले, तर ज्या वाटेने शरणपूरचे विद्यार्थी परतले तीच वाट दोन्ही बाजूंनी पुन्हा वाहती होईल.

शरण आलेल्यास अभय द्यावे, ही आपल्या परंपरेची शिकवण आहे आणि पंचवटीच्या गावाला ती निराळी सांगावी लागू नये. तथापि अभय देणाऱ्याने एवढ्यावरच संतुष्ट राहू नये. शरण आलेल्याचे नाव लक्षात ठेवणे आणि त्याला बरोबरीने बसविणे ही त्या अभयाची पुढची पायरी होय. नाशिकने पहिली पायरी गाठली ती दुसऱ्यांच्या पुढाकाराने. दुसरी गाठावयाची ती स्वतःच्या इच्छेने.